दोन समुद्र आणि गोंदियाची एक बी.एड. पोरगी

मागच्या रविवारी सकाळी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता पन्नाशी ओलांडली त्याने, आमगावकडे चार एकर धान करतो. म्हणाला, "गुर्जी, पोरीनं दोन कागद आनले. एक मालदीवचा, एक ओमानचा. दोन्हीकडं मास्तरकीच हाये अन् दोन्हीकडं समुद्रच हाये. कोनत्या समुद्रात ढकलू तेवढं सांगा."

मी हसलो. तो हसला नाही.

पोरगी मला माहीत आहे. एम.एस्सी. गणित, बी.एड., टीईटी पास. वय ३१. सध्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत शिकवते. महिन्याला नऊ हजार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही बंद. (शाळेचं नाव लिहीत नाही. अशा शाळा प्रत्येक तालुक्यात आहेत, एकीचं नाव घेऊन बाकीच्यांना मोकळं सोडायचं कशाला?) सकाळी स्कूटीवर १८ किलोमीटर, संध्याकाळी १८ किलोमीटर. पेट्रोल कापलं तर हातात काय राहतं याचं गणित ती कुठल्याही विद्यार्थ्याला घालू शकते.

तर तिच्या हातात आता दोन कागद आहेत. पहिला मालदीवच्या दक्षिणेकडच्या एका लहान बेटावरच्या सरकारी शाळेचा, आठवी ते दहावी गणित, एका एजंटामार्फत आलेला. दुसरा ओमानमधल्या सलालाह शहरातल्या सीबीएसई शाळेचा, मुलाखत ऑनलाइन झालेली. मालदीवचा आकडा मोठा, सलालाहचा जरा लहान. पण दोन्ही आकडे आपल्याकडच्या शिक्षणसेवकाच्या मानधनाच्या तिप्पट-चौपट. दोन्हीकडे दोन वर्षांचा करार. उत्तर येत्या रविवारपर्यंत द्यायचं आहे.

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? दोन दिवसांत पानठेल्यावर चर्चा सुरू. "मालदीव म्हणजे हनिमूनची जागा ना बे?" "तिथं तर हिरोहिरोईन जातेत." एका शहाण्याने तर मुलीच्या भावाला विचारलं, आता तुझी बहीण बीचवर शाळा भरवणार का. गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र म्हणजे मोबाईलवरचा फोटो. आमचा समुद्र म्हणजे नवेगावबांध, फार तर इटियाडोह. भरलेल्या तलावाच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसतो, तेवढंच आम्हाला पुरतं. त्यामुळे दुरून डोंगर साजरे ही म्हण इथे समुद्राला जास्त लागू पडते.

मी त्याला म्हटलं, दोन्ही कागदांचे फोटो पाठव. मग चार दिवस वाचलं, दोन-तीन ओळखीच्यांना फोन केले, तिच्याशी दोनदा बोललो. सुरुवातीला माझंही मत मालदीवकडे होतं. आकडा मोठा, सरकारी शाळा, आपल्याला "सरकारी" शब्दाचा मोह सुटत नाही. चार दिवसांनी मत फिरलं. का फिरलं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न या एका घरापुरता राहणार नाही. डी.एड., बी.एड. झालेली किती पोरं-पोरी घरी बसून आहेत ते आपण सगळे जाणतो.

आधी मालदीव. मालदीव म्हणजे ११०० च्या वर प्रवाळ बेटं. त्यातली दोनशेच्याही खालीच बेटं लोकवस्तीची. आपण फोटोत पाहतो ती पाण्यावरच्या झोपड्यांची रिसॉर्ट-बेटं वेगळी आणि शाळा असते ती वस्तीची बेटं वेगळी. वस्तीचं बेट म्हणजे बरेचदा किलोमीटर-दीड किलोमीटर लांब जमिनीचा तुकडा. समुद्रसपाटीपासून मीटर-दोन मीटर उंच. हजारभर लोक, एक शाळा, एक आरोग्य केंद्र, एक-दोन दुकानं. भाजी बोटीने येते. पिण्याचं पाणी पावसाचं साठवलेलं नाहीतर समुद्राचं गोड केलेलं. राजधानी मालेमध्ये २०१४ च्या डिसेंबरमध्ये पाणी गोडं करणाऱ्या प्लांटला आग लागली तेव्हा भारताने विमानाने आणि जहाजाने पिण्याचं पाणी पाठवलं होतं, हे कदाचित काहींना आठवत असेल. राजधानीची ही गत, तर दूरच्या बेटाचा विचार करा. मोठं आजारपण आलं तर बोट, मग विमान, मग माले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालदीवच्या शाळांत धिवेही भाषा आणि इस्लाम हे विषय सोडले तर शिकवणं इंग्रजीतून चालतं. दहावीला मुलं केंब्रिजच्या धर्तीच्या परीक्षा देतात. गणित, विज्ञान, इंग्रजीसाठी स्थानिक शिक्षक पुरत नाहीत म्हणून कित्येक वर्षांपासून भारतातून, विशेषतः केरळ आणि तमिळनाडूतून, शिक्षक तिथे जातात. दूरच्या बेटांवरच्या शाळा आणि दवाखाने परदेशी माणसांच्या भरवशावर चालतात, त्यात आपली माणसं भरपूर. बाहेरून आलेल्या शिक्षकाला मान मिळतो असं तिथे राहून आलेल्या माझ्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं. मुलं रस्त्यात "मिस" म्हणून हाक मारतात, बेटावर सगळे सगळ्यांना ओळखतात. खेड्यात वाढलेल्या मुलीला ते परकं वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र त्या बाईंनी हळूच सांगितली. मालदीवमध्ये इस्लाम हाच राज्याचा धर्म आहे आणि दुसऱ्या धर्माच्या पूजेच्या मूर्ती देशात आणायला मनाई आहे. म्हणजे बॅगेत आईने ठेवलेला लहानसा गणपती कस्टमवर अडतो. घरातल्या घरात मनातल्या मनात काय ते. आमच्या विद्यार्थ्याने हे ऐकलं आणि बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गनपती मोबाईलमंधी ठेवन ते." सोय काढायला शेतकऱ्याचा हात कोण धरणार! (ओमानमध्ये तसं नाही. मस्कतमध्ये शंकराचं आणि कृष्णाचं देऊळ आहे, तिथली मराठी मंडळी गणपतीही बसवतात. सलालाह मस्कतपासून हजारएक किलोमीटरवर आहे हा भाग वेगळा.)

राजकारणाचं म्हणाल तर २०२४ च्या जानेवारीत मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वेडंवाकडं लिहिलं आणि इथे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "बहिष्कार"ची लाट आली होती. जे कधी नागपूरच्या पुढे गेले नाहीत त्यांनीही मालदीवची सहल रद्द केल्याचे मेसेज टाकले. तेव्हा तिथल्या बेटांवर आपले हजारो शिक्षक, नर्स, मजूर रोजच्यासारखे कामावर जात होते. २०२५ च्या जुलैत पंतप्रधान स्वतः मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्याला जाऊन आले. सरकारं भांडतात, सरकारं जुळतात. मधल्या काळात कराराचा कागद ज्याच्या हातात आहे त्याच्या पोटात गोळा येतो, एवढंच.

माझं मत राजकारणाने फिरलं नाही. ते डॉलरने फिरलं.

मालदीवचा पगार रुफियात मिळतो. कागदावर रुफियाचा डॉलरशी दर बांधलेला आहे, एका डॉलरला साधारण साडेपंधरा रुफिया. पण त्या दराने डॉलर मिळाला पाहिजे ना? तो देश भाजीपासून डिझेलपर्यंत सगळं बाहेरून आणतो, डॉलर येतो तो मुख्यतः पर्यटनातून, आणि डॉलरची टंचाई तिथे जुनी आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने मालदीवला ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय दिली, ती याच अडचणीत. आणि २०२५ च्या शेवटी तिथल्या भारतीय शिक्षकांची तक्रार पेपरात आली की बँकेतून दर महिन्याला घरी पाठवता येणाऱ्या डॉलरची मर्यादा फार खाली आणली. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्र मंत्र्यांना पत्र लिहिलं. म्हणजे पगार आहे, खात्यात आहे, पण आमगावच्या बँकेत येत नाही. बाहेर काळ्या बाजारात डॉलर घ्यायचा तर पगाराचा चांगला तुकडा तिथेच जातो. ही मर्यादा उद्या वाढेलही. पण ती वर-खाली होणं मुलीच्या हातात नाही, आणि तिच्या घरी कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला आहे.

मोठा आकडा म्हणून आपण ज्याकडे पाहतो त्यातला घरी किती पोचतो, हे आधी विचारलं पाहिजे. धानाचं बघा ना. हमीभाव जाहीर होतो, बोनस जाहीर होतो, पण पैसे खात्यावर कधी पडतात ते आधारभूत केंद्रावर रांगेत उभ्या राहिलेल्यालाच विचारा. हे उदाहरण दिलं तेव्हा आमच्या विद्यार्थ्याला मालदीवचं अर्थकारण एका मिनिटात कळलं.

आता सलालाह. ओमानच्या दक्षिण टोकाचं शहर. अरबस्तान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाळू येते. पण सलालाहला पावसाळा असतो. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे आपल्यासारखीच झड लागते, धुकं येतं, डोंगर हिरवे होतात. त्याला ते खरीफ म्हणतात. हो, आपला खरीप तोच शब्द. नारळाच्या आणि केळीच्या बागा आहेत. अख्ख्या आखातातली माणसं त्या दिवसांत थंडाव्याला तिथे येतात. मात्र त्याच दिवसांत तिथला समुद्र भयानक खवळतो. २०२२ च्या जुलैत मुघसैलच्या किनाऱ्यावर लाटेने माणसं ओढून नेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातलंही एक कुटुंब होतं. मी मुलीला म्हटलं, पोहायला येत नसेल तर पाण्यापासून लांब राहा, आणि येत असेल तरी लांबच राहा.

ओमानच्या रियालचा दर डॉलरशी बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे सुमारे २ डॉलर ६० सेंट, आणि पैसे घरी पाठवायला तशी अडचण नाही. एक्स्चेंजमध्ये जा, पाठवा, संध्याकाळपर्यंत खात्यात. पूर्वी नोकरी सोडायची तर जुन्या मालकाचं ना-हरकत लागायचं, नाहीतर दुसरी नोकरी धरताच येत नसे. २०२१ च्या जानेवारीपासून ती अट गेली. करार पुरा केला की दुसरीकडे जाता येतं. शाळा सीबीएसईची म्हणजे एनसीईआरटीची पुस्तकं, ओळखीचा अभ्यासक्रम. परत आल्यावर नागपूर-रायपूरच्या शाळांत हा अनुभव दाखवता येतो.

खोट कुठे आहे? राहण्यात. आखातातल्या भारतीय शाळांमध्ये बऱ्याच शिक्षिका नवऱ्याच्या व्हिसावर तिथे राहणाऱ्या असतात. घर नवऱ्याच्या कंपनीचं असतं. म्हणून शाळांचे पगार त्या हिशेबाने बेताचे. एकटी मुलगी इथून गेली तर भाडं कोणी द्यायचं? तिच्या कागदावर "राहण्याची व्यवस्था" एवढाच शब्द होता. व्यवस्था म्हणजे काय? खोली एकटीची की चौघींची, वीज-पाणी कोणाचं, शाळेपासून किती लांब, काही नाही. मी तिला म्हटलं, हा एक शब्द उलगडून लेखी घे. विचारायला लाजू नकोस. तिने मेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं, दोघींत एक खोली, वीज-पाणी शाळेचं. मालदीवच्या एजंटाला तिने हाच प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, "म्याडम, पहिले फी भरा, मग सगळं सांगतो."

इथे जरा थांबतो, कारण यातली एक गोष्ट मलाही या चार दिवसांतच नीट कळली.

आपल्या देशात परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा १९८३ चा आहे. ओमान, सौदी, कतार, कुवेत अशा १८ देशांत कामाला जाताना दहावी पास नसलेल्या माणसाला सरकारची मंजुरी लागते. त्यासाठी त्याचा करार, पगार, मालक हे सगळं तपासलं जातं. दहावी पास झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणजे सडक अर्जुनीचा न शिकलेला गवंडी मस्कतला जाईल तेव्हा सरकार त्याचा करार बघेल. आमगावची एम.एस्सी. बी.एड. मुलगी जाईल तेव्हा कोणी बघणार नाही. शिकलेल्याला समजतं असं सरकारने गृहीत धरलं आहे. आणि मालदीव तर त्या १८ देशांच्या यादीतच नाही.

गंमत बघा, शिकलेल्यालाच एजंट जास्त सहज गुंडाळतो, कारण तो विचारायला लाजतो. म्हणून साधी गोष्ट सांगतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी आहे. नाव तिथे नसेल तर फोन ठेवून द्या. परवाना असलेल्यालाही उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. या मुलीला मालदीवच्या एजंटाने दीड लाख सांगितले होते. बापाने बांधीचा एक तुकडा गहाण ठेवायची तयारी केली होती. आणि "आधी टुरिस्ट व्हिसावर चला, परमिट तिथे गेल्यावर करून देऊ" असं जो म्हणेल त्याच्यासोबत देवरीच्या बाजारालाही जाऊ नका.

कागदपत्रांचं वेगळंच पुराण. ओमानसाठी पदवीवर आधी मुंबईत राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई, दिवसभर रांग, रात्रीची गाडी परत. या सगळ्यासाठी जिल्ह्यात एक टेबल नाही, जिथे बसलेला माणूस सांगेल की बाई, हा कागद इथे, तो कागद तिथे.

केरळमध्ये आहे. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी त्या राज्याने १९९६ साली वेगळं खातंच काढलं, नोर्का. त्याआधी १९७७ पासून परदेशी नोकऱ्या मिळवून देणारी सरकारी कंपनी आहे त्यांची. तिथली मुलगी मालदीवला निघाली तर तिला विचारायला सरकारी खिडकी आहे, आणि डॉलरची मर्यादा आली तर मुख्यमंत्री पत्र लिहितात. आमच्या मुलीला विचारायला एक निवृत्त मास्तर आहे, ज्याने स्वतः समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला.

महाराष्ट्र सरकारला हे जमत नाही असंही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल तरुण पाठवायचे म्हणून. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर वगैरे. आणि तो उपक्रम राबवायला दिला कोणाकडे, तर शालेय शिक्षण विभागाकडे! म्हणजे जर्मनीला ड्रायव्हर पाठवायचं काम शिक्षण खातं करू शकतं. स्वतःचे बेरोजगार शिक्षक कुठे चाललेत, कोणत्या करारावर चाललेत, याची नोंद ठेवायला त्याच खात्याला काय अडचण आहे?

आता तो प्रश्न, जो पानठेल्यावर कोणी विचारला नाही. पोरगी चालली कशाला?

तिच्यापुढे तिसराही समुद्र होता, आपल्याच राज्यातला. रत्नागिरी-सिंधुदुर्गचा. पवित्र पोर्टलवर तिने मागच्या फेरीत दोन्ही जिल्हे पसंतीक्रमात भरले होते. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या पोरांना कोकणात जागा लागतात, ती तिथे जाऊन रुजू होतात आणि मग वर्षानुवर्षं आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतात. तिकडचे डी.एड. झालेले स्थानिक तरुण म्हणतात, आमच्या जिल्ह्यातल्या जागा आम्हाला द्या. त्यांचंही चूक नाही. आमची पोरगी थोड्या गुणांनी हुकली.

हुकली तर पुढच्या वर्षी, असं म्हणायची सोय नाही. २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबली. अभियोग्यता चाचणी, म्हणजे आपली टेट, पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरमध्ये झाली. दुसरी झाली २०२३ मध्ये. तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या आणि दुसऱ्या परीक्षेच्या मध्ये पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत ज्यांची वयाची अट संपली त्यांचं काय झालं, ते कुठल्या पोर्टलवर नाही. त्यातला एक गोरेगावच्या रस्त्यावर मोबाईल रिचार्जचं दुकान चालवतो, अजूनही गणिताचं कोडं घातलं की गिऱ्हाईक सोडून सोडवतो.

आणि लागली असती तर काय मिळालं असतं? पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. हे २०२३ पासून. त्याआधी तर ६, ८ आणि ९ हजार होतं आणि त्यात शिक्षकांनी घरापासून हजार किलोमीटरवर संसार काढले. खासगी संस्थेत अनुदानित जागा हवी तर "डोनेशन"चा आकडा काय चालतो, तो मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. विनाअनुदानितचे शिक्षक २० टक्के, ४० टक्के, ६० टक्के असे अनुदानाचे टप्पे मागत आझाद मैदानावर म्हातारे झाले.

मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली तेव्हा या भागात शाळा नव्हत्या म्हणून मुलं शिकत नव्हती. स्वतः फारसं न शिकलेल्या माणसाने ते ओळखलं. आज शाळा आहेत, शिकलेले शिक्षकही आहेत, आणि तरी दर जून-जुलैत कुठल्या ना कुठल्या गावात पालक शिक्षक नाही म्हणून शाळेला कुलूप ठोकतात. सालेकसा-देवरीच्या पट्ट्यात एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो. त्याच वेळी त्याच जिल्ह्यातली गणिताची शिक्षिका ठरवते आहे की हिंद महासागरातलं बेट बरं की अरबी समुद्राचा किनारा. यात तिचा दोष काढणारे लोक मला फोनवर भेटले. "सरकारच्या पैशानं शिकली अन् अरबाच्या पोरांना शिकवाले चालली" असं एक जण म्हणाला. पहिलं म्हणजे त्या शाळेत शिकणारी बहुतेक मुलं भारतीयच आहेत. आणि दुसरं, नऊ हजारात तुमच्या नातवाला ती शिकवत होती तेव्हा तुम्ही तिला साधं विचारलं होतं का, की बाई, तुमचं भागतं कसं?

म्हणून माझा सल्ला. सलालाह.

पगार कमी आहे हे मान्य. पण कराराची भाषा साफ आहे, एजंट मध्ये नाही, पैसे महिन्याच्या महिन्याला घरी येतील, अभ्यासक्रम ओळखीचा आहे आणि दोन वर्षांनी सोडायचं ठरलं तर कोणाच्या पाया पडायला लागत नाही. परदेशी नोकरीत जाणं सोपं असतं, परतणं कितपत सोपं आहे ते आधी पाहावं. मुंबईहून मस्कत अडीच-तीन तास, पुढे देशांतर्गत विमान. गोंदियाहून रत्नागिरीला पोचायला याहून जास्त वेळ लागतो! उद्या बापाला काही झालं तर ती दुसऱ्या दिवशी घरी येऊ शकते. दक्षिणेकडच्या बेटावरून बोट कधी सुटेल ते समुद्र ठरवतो. मालदीवचा कागद थेट शिक्षण खात्याकडून, एजंटाशिवाय आला असता आणि पैसे पाठवायची अडचण नसती, तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. तिथे जाऊन चांगले राहून आलेले शिक्षक आहेत, त्यांना खोटं पाडायचं नाही मला.

तिला एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली. दोनाचे चार आणि चाराचे सहा करू नकोस, निदान डोळे मिटून तरी करू नकोस. आज वय ३१. जिल्हा परिषदेला खुल्या प्रवर्गाची अट ३८, मागासवर्गीयांना ४३. केंद्रीय विद्यालयात टीजीटीला ३५, पीजीटीला ४०. तिथला अनुभव इथल्या भरतीत गुण म्हणून धरत नाहीत, गुणवत्ता यादी टेटच्या मार्कांवरच लागते. टीईटीचं प्रमाणपत्र आता आजन्म चालतं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण पुढची टेट जाहीर झाली तर ती परीक्षा देण्यासाठी सुट्टी टाकून यावं लागेल. सुट्टीची अट करारात कशी आहे तेही तिने विचारून घेतलं आहे.

ती हसून म्हणाली, "सर, टेट कधी होणार ते तुम्ही विचारून सांगा, मी सुट्टी आजच टाकते."

आमचे जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे सीईओ, आमदार, खासदार यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर मागणी फार मोठी नाही. रोजगार कार्यालयात किंवा डाएटमध्ये महिन्यातून दोन दिवस एक माणूस बसवा. त्याने एवढंच करावं, परदेशी नोकरीचा कागद घेऊन आलेल्याचा एजंट यादीत आहे का बघावं, करारातले गोलमोल शब्द दाखवून द्यावेत, शिक्के कुठे मिळतात ते सांगावं. आणि टेटचं वर्षाचं वेळापत्रक जाहीर करावं म्हणून मुंबईत आवाज उठवा. रोवणीची वेळ टळली की परं वाया जातं, हे धानाच्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्याला समजावून सांगावं लागू नये.

आमच्या विद्यार्थ्याला काल रात्री फोन केला. सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "गुर्जी, तिथं पानी पडते म्हनता ना?" म्हटलं, पडते. जून ते सप्टेंबर. "मंग बोलतो तिच्या मायशी."

तर मंडळी, उत्तर रविवारपर्यंत द्यायचं आहे. आपल्या भागातलं कोणी सलालाहला किंवा मालदीवच्या शाळेत शिकवत असेल, शिकवून आलं असेल, तर कृपया मला मेसेज करा. शाळेचं नाव जाहीर लिहू नका. तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: पगार ठरल्या तारखेला होतो का, एकट्या मुलीला संध्याकाळी बाजारात जाताना कसं वाटतं, आणि तांदूळ कोणता मिळतो.